जत्रेची सुट्टी मोर्च्याला

बाई, काल आमच्या गावदेवीची जत्रा झाली आणि गावाच्या आठवणीत पहिल्यांदाच जत्रेच्या दिवशी शाळा भरली. ती मी भरवली असं म्हटलं तर तुम्ही चष्म्यावरून बघाल, पण आज मला तेवढं म्हणू द्या. तुमच्या वर्गातून मॅट्रिक होऊन चूल धरलेल्या बाईच्या वाट्याला असे दिवस फार येत नाहीत.

मुळापासून सांगते. तळवलीच्या बाजूचं हे आमचं गाव आता बिल्डिंगींच्या मधे सापडलंय, पण शाळा जुनीच आहे, गावच्या संस्थेची. तिला सरकारचं अनुदान मिळतं ते अर्धवट, म्हणून शिक्षकांचे पगारही अर्धवट. माझी नात यंदा दहावीत. तिला गणित शिकवणारी मुलगी दिवसभर शाळेत उभी असते आणि संध्याकाळी घरोघरी शिकवण्या करते. नवरात्रात देवळात भेटली तेव्हा म्हणाली, "काकू, तळोज्याला एका कंपनीत काम मिळतंय. किती दिवस असं रेटू?" ती गेली तर दहावीच्या पोरांना गणिताला कोणी उरत नाही. तेवढ्यात शिक्षकांच्या संघटनेनं ठरवलं की पूर्ण अनुदानासाठी एक दिवस शाळा बंद ठेवायच्या आणि सगळ्यांनी आझाद मैदानात जाऊन बसायचं. ती म्हणाली, "हा माझा शेवटचा प्रयत्न. शाळेनं सोडलं तर मैदानात जाते, नाही सोडलं तर तळोज्याला." संस्थेचं म्हणणं, पालक हो म्हणाले तरच शाळा बंद. म्हणून पालकसभा बोलावली.

सून तुर्भ्याला कामावर जाते, त्यामुळे सभांना मीच असते. पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून आम्ही बसलेलो. ट्रकचा धंदा असलेले एक पालक पहिले उठले. "सर, प्रीलिम तोंडावर आलीय. पगार तुमचा आणि नुकसान आमच्या पोरांचं, हे कुठलं गणित?" मागून एक आई म्हणाली, "एका दिवसानं काय होतंय एवढं?" तर ट्रकवाले म्हणतात, "तुमचा पाचवीत आहे ना ताई, म्हणून टेन्शन नाही तुम्हाला." लोक हसले. मुख्याध्यापक टेबलावरचा खडू इकडून तिकडे सरकवत राहिले. ती गणिताची मुलगी भिंतीला टेकून उभी होती, कोणाकडेच बघत नव्हती.

तेव्हा मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. आमच्या मॅट्रिकच्या वर्षी शिक्षकांचा संप होता, शाळेला कुलूप. मी तुमचं पुस्तक परत द्यायला आले होते. तुम्ही पाटावर बसून भाकरी थापताय, तव्यावर एक फुगलेली, आणि मी उंबऱ्यातूनच म्हणते, "अण्णा म्हणतात, मास्तरांना फुकटचा पगार पाहिजे." तुम्ही आधी भाकरी उलटलीत. मग म्हणालात, "पगारासाठीच जाते मी. त्यात लपवण्यासारखं काय आहे? उपाशी माणसानं शिकवलेलं पोरांच्या अंगी लागत नाही. आणि तू आत्ता बोललीस ते अण्णांचं. तुझं स्वतःचं काय ते विचार करून ये." मला राग आला. तरी तुम्ही हात धुऊन मला जवळ बसवलंत आणि संप चालू असतानाच व्याजाची उदाहरणं घातलीत. माझं स्वतःचं म्हणणं सांगायला मी कधी आलेच नाही. लग्न झालं, आणि मग तुम्ही गेल्याचंच कळलं.

मी उभी राहिले. "सर, वर्षाची एक सुट्टी तुमच्या हातात असते ना?"

"असते काकू. ती आपण जत्रेला देतो."

"यंदा ती मोर्च्याला द्या. जत्रेच्या दिवशी शाळा भरवा. शिकवायचे दिवस तेवढेच राहतात. बुडलं काय कोणाचं?"

मग जत्रेच्या कमिटीतले आमचे मामा उठले. नात्यानं सासरे लागतात, त्यांचा नातूही इथेच शिकतो. "जत्रंच्या दिशी पोरां शालंन? कंदी आयकलंय का कोनी? देवीची सुटी हाय ती."

"मामा, पालखी निघते संध्याकाळी. पोरं दुपारपासून नुसती पाळण्यांभोवती धूळ खात फिरतात. त्यात देवीचं काय?"

ट्रकवाले हसत म्हणाले, "आजी, घरात कोणी मास्तर आहे वाटतं."

"घरात कोणी नाही. मला शिकवायला एक बाई होत्या."

"मग त्यांनापण घेऊन जा मोर्च्याला."

"त्या तुमच्या आधीच जाऊन आल्यात," मी म्हटलं. या वेळी लोक माझ्या बाजूनं हसले.

मामा मात्र उभेच. "ता सगला खरा. पन आईला इचारलंस का गो, सूनबाय? कौल लावलास?"

"लावला," मी म्हटलं. "उजवा दिला."

मामा बसले आणि पहिला हात त्यांनीच वर केला. मागोमाग वर्गभर हात. ट्रकवाले इकडेतिकडे बघून म्हणाले, "देवीच हो म्हणाली तर मी कोण," आणि त्यांनीही केला.

मोर्च्याला आम्ही पालकही गेलो. विकतचं खायला लागू नये म्हणून पोळ्या घरून करून नेल्या, दोन शिक्षकांना पुरून उरल्या. अनुदानाचा कागद अजून आलेला नाही, विचार करतो म्हणालेत. पण त्या मुलीनं तळोज्याला 'येत नाही' म्हणून कळवलं. म्हणाली, "काकू, तुम्ही सगळे माझ्या मागे येऊन बसलात. आता कुठे जाऊ?"

आणि काल. शाळा इतकी भरली की दांडी मारणारेही हजर. चार वाजता बँडवाले घाई करायला लागले, तर मामा देवळाच्या पायरीवर आडवे बसले. "पोरां सुटू दे. तवर पालखी नाय हलाची." पाचला घंटा झाली. पोरं गणवेशातच धावली, मोठ्या पोरांनी पालखी खांद्यावर घेतली, आणि त्यांची दप्तरं गणिताच्या मुलीच्या दोन्ही खांद्यांवर. ती घामाघूम, आणि हसत होती. मी एवढी ताठ चालले की सून म्हणाली, "आई, पदर सांभाळा."

हे पत्र पोथीच्या कापडात बांधून ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे जायचं त्याला. एक गोष्ट मात्र तुमच्याशिवाय कोणाला सांगायची सोय नाही. मी कौल लावलाच नव्हता. त्या दिवशी सभेपर्यंत मी देवळात पाऊलही टाकलं नव्हतं, घरी तांदूळ निवडत होते. सभा सुटल्यावर तशीच गेले, नारळ ठेवला आणि काय केलं ते आईला सांगितलं. गुरवानं विचारलं, कौल लावायचाय का? मी नको म्हटलं. अजूनही लावलेला नाही.