वाणाची वाटी

एकोडी, संक्रांतीनंतरचा शुक्रवार

आज हळदीकुंकवात वाण म्हणून स्टीलची वाटी भेटली, अन् संगं एका कागदावर सही मागितली. बाहेरगावची बाई होती. म्हणे, नवऱ्याच्या सहीबिगर कोणत्याच बाईचा गर्भ पाडू नये, असा कायदा सरकारले मागायचा हाय. "आजी, पहिली सही तुमची." चौथी शिकलेली मी, मान भेटला म्हणून फुगली अन् सही ठोकली. वरून टोमणा मारला, "आजकालच्या पोरींले लाजच नाही."

सुनेनं, वनितानं, पेन हातात घेतला नाही. घरी आल्यावर म्हणाली, "आई, तुम्ही लाखनीच्या दवाखान्यात गेल्या, तवा बाबाची सही घेतली होती का?"

धानाचा रोवणा करताना शेतातल्या बांधीत मीच तिले सांगितलं होतं. चौथ्या खेपेले दिवस गेले, तवा पाडाले माझी जाऊ मले चुपचाप घेऊन गेली. बुढ्याले आजवर मालूम नाही. विचारलं असतं तर तंगडं मोडलं असतं त्यानं.

"माझी गोष्ट वेगळी होती," म्हणलं.

"कशी वेगळी? मले तिसऱ्या खेपेले दिवस गेले हाय. तुमचा लेक पाडाले नाही म्हणते. सोमवारी दवाखान्यात संगं चला म्हणून तुम्हालेच विचारणार होती. आता एकटीच जाईन."

त्याच वाटीत तिनं वरण वाढलं. मी खाल्लं.

कागद तर गेला त्या बाईसंगं. कोणत्या तोंडानं माफी मागू? सोमवारी वनितानं बोलावलं नाही तरी तिच्या आधी बस स्टॉपवर जाऊन बसीन. हाकललं तरी उठणार नाही.