बोगनवेलीच्या फुलांवरून तोडलेल्या नळाबद्दल

प्रति,
मे. इस्टेट मॅनेजरसाहेब,
कल्याणेश्वर मिल वसाहत, सोलापूर.

विषय : क्वार्टरचा नळ परत जोडून मिळणे, वेल न उपटता.
संदर्भ : पाणी-इन्स्पेक्टर श्री. गोपाळराव केसकर यांची गेल्या महिन्यातील नोटीस.

महोदय,

१. अर्जदार मिलच्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका असून अंथरुणाला खिळलेल्या आईसह शाळेमागील क्वार्टरात राहते. यंदा तळे आटल्यामुळे बागांना नळाचे पाणी घालू नये, असा हुकूम निघाला. हुकूम योग्यच होता. अंमलबजावणी मात्र श्री. केसकर यांच्याकडे गेली, आणि तेथे हुकुमाचे ग्रह फिरले.

२. इन्स्पेक्टरांनी चोर ओळखण्याची सोपी रीत काढली : ज्याच्या दारी फूल, तो पाणीचोर. वसाहतीतला मोगरा वाळला, जास्वंद गेली, आणि अर्जदाराच्या खिडकीवरची बोगनवेल मात्र पान दिसू नये इतकी फुललेली. "एवढी फुलं काय हवेवर येतात? मला शिकवू नका, बाई," असे म्हणून त्यांनी नळ तोडला, व वेल मुळासकट उपटल्यास जोडून देऊ असे लिहून दिले. पुरावा म्हणून फांदी ओढताना त्यांच्या कोटाची बाही फाटली. नोटिशीत त्यास "कंपनीच्या कामात अडथळा" म्हटले आहे. बोगनवेलीला काटे असतात हे वसाहतीतल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे.

३. शिकवू नका म्हटले, तरी अर्जदाराचा पेशाच तो. बोगनवेलीला पाणी पाजले की ती पानांनी माजते. तहानली की फुलते. संक्रांत झाली की अर्जदार तिचे शेंडे छाटते आणि पाणी जवळजवळ बंद करते. अगदीच मान टाकली तर तांदूळ धुतलेले पाणी, तेही तांब्याभर. मुळाशी नुसता मुरूम आहे, खत नाही. शिवाय इन्स्पेक्टर ज्यास फूल समजतात ते रंगलेले पान होय. खरे फूल आत असते, पांढरे व बारीक. ते पाहण्यास वाकावे लागते, आणि इन्स्पेक्टरसाहेब फक्त वरिष्ठांपुढे वाकतात.

४. दोन वर्षांपूर्वी इन्स्पेक्टरांच्या पत्नी सौ. मालतीबाई याच वेलीची फांदी लावण्यास घेऊन गेल्या. वेल तीच, मुरूम तोच, ऊन तेच. आज त्यांच्या दारची वेल मेथीच्या वाफ्यासारखी हिरवीगार असून तिला औषधालाही फूल नाही. ती असे काय पिते, हे अर्जदार विचारीत नाही.

५. ही वेल हौस नव्हे. खिडकी पश्चिमेची, डोक्यावर पत्रा, आणि खिडकीखाली आईची खाट. वेल नसेल तर वैशाखात आई दुपारभर भाजून निघेल. आणि नळ नाही म्हणून तिचे अंग पुसण्यास पुरेसे पाणी नाही. पाठीस जखमा होऊ लागल्या आहेत. कामाची बजाबाई दूरच्या विहिरीवरून घागरी आणते व म्हणते, "बाई, फुलं दिसली म्हून पानी तोडलं, असला न्याव कुटं ऐकला न्हाय की." काल आईच म्हणाली, "उपटून टाक, अनू. तुझे हाल बघवत नाहीत." हे ऐकून अर्जदारास रडू आले, व नंतर संताप आला. सदर अर्ज संतापातच लिहिला आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

६. नळ तोडल्यापासून वेलीस थेंबही मिळालेला नाही. परिणामी ती पूर्वीपेक्षा दुप्पट फुलली आहे. इन्स्पेक्टर यास दुसरा गुन्हा समजतील अशी खात्री असल्याने अर्जदार तो आधीच कबूल करते.

७. तरी सोबतच्या फांद्या आपण स्वतः पाहाव्यात आणि नळ आजच जोडून द्यावा, ही विनंती.

नळ जोडला जाईपर्यंत आपली नम्र,
अनसूया चिंतामणी मार्डीकर
सोलापूर, ता. ९ मे १९३३

सोबत :
१. अर्जदाराच्या वेलीची फांदी, फुलांसह.
२. श्री. केसकर यांच्या वेलीची, कुंपणाबाहेर रस्त्यावर आलेली फांदी, फुलांशिवाय.
३. आपल्या बंगल्याच्या पोर्चवरील वेलही यंदा चांगलीच हिरवी दिसते. तिची फांदी अर्जदारास तोडता येत नाही. ती आपण स्वहस्ते तोडून या दोहोंच्या शेजारी ठेवावी.