वयाची अट

३ नोव्हेंबर
भात झोडून झालं. अंगाला भाताची कुसळं टोचतायत, तरी आंघोळ करून दुपारी क्लासला गेले. पिरंगुटला, कापडाच्या दुकानावरचा हॉल. सायबर सुरक्षेचा कोर्स; योजना सरकारची, शिकवते संस्था. आम्ही बारा जणी. सगळ्यात मोठी मीच, सदतीस.
आज लॉग वाचायला शिकवलं. कॉम्प्युटरमध्ये कोण कधी शिरलं, कुठून शिरलं, काय उघडलं, सगळं ओळीने लिहिलेलं असतं. तांबोळी मॅडमनी दोनशे ओळी दिल्या. म्हणाल्या, ह्यात एक चोर आहे. मला सापडला! एकच माणूस दहा मिनिटांत पुण्यातून आणि परदेशातून कसा येईल?
"सुनंदाताई, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"
हसले नुसती. आमच्या रिहे गावात कोण आलं, कोण गेलं, कुणाची गाडी कुणाच्या दारात, हे इतकी वर्षं ओट्यावरून बघतेच आहे की.

११ नोव्हेंबर
सासूबाई भांडी लावता लावता: "एवढं शिकून आता काय नोकरीला लागतीस व्हय?"
मी ताटं पुसत राहिले. पण लागायचंय. बारावी सायन्सनंतर कॉम्प्युटरच्या डिग्रीचा फॉर्म आणला होता. भरलाही होता. मग स्थळ आलं. तो फॉर्म पुढे कुठे गेला ते आठवत नाही. हिंजवडीच्या बसमध्ये गळ्यात कार्ड घातलेल्या बायका दिसल्या की मी कार्डच बघते, त्यांच्या तोंडाकडे नाही.

२६ नोव्हेंबर
क्लास बंद.
मॅडमनी नीट समजावलं. जुन्या योजनेची मुदत संपली. आता नवा कायदा झालाय, सरकारने संस्थांना सोबत घेऊन हे शिक्षण द्यायचं, तालुक्यातालुक्यात. म्हणजे चांगलंच. पण कायद्याचे नियम निघेपर्यंत संस्थेशी करार होत नाही.
"किती दिवस?"
"आठ दिवस, नाहीतर आठ महिने. खरंच सांगता येत नाही, ताई."
लॅपटॉप मोजून कपाटात ठेवले. माझ्याचं झाकण सैल आहे, नीट बसत नाही. हाताने दाबून ठेवलं, मगच बाजूला झाले.

१४ डिसेंबर
क्लासचं अजून काही कळलं नाही. वहीतल्या कमांड रोज लिहून काढते. कॉम्प्युटरशिवाय म्हणजे पोहायचं पुस्तक वाचल्यासारखं.
बाजाराला गेले तर उगीचच क्लासचा जिना चढून वर गेले. कुलूप. काचेतून खुर्च्या दिसल्या, एकावर एक रचलेल्या. खालच्या दुकानदाराने विचारलं, काय पाहिजे ताई? ब्लाउजपीस घेऊन आले. नको होतं.

९ जानेवारी
हे दुपारीच घरी. उरवड्याला हे कामाला आहेत तो कारखाना ठप्प. सकाळी कॉम्प्युटर चालू केले तर एकही फाइल उघडेना, स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी. मशिनं उभी.
"बाहेरचा मानूस आत शिरतोच कसा गं?"
लग्नाला एकोणीस वर्षं झाली. त्यांना येत नाही आणि मला येतं, असं काही त्यांनी आज पहिल्यांदा विचारलं. अंगणात काडीने काढून दाखवलं. हा खोटा मेल, इथे कुणीतरी क्लिक केलं, मग ह्या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर. उकिडवे बसून ऐकत होते. "थांब, हितनं परत सांग," दोनदा म्हणाले.

१२ जानेवारी
कारखाना अजून बंदच. हिंजवडीहून एक बाई आलीय, पाठीला सॅक. तीच सगळं बघतेय. हे म्हणाले, "तुझ्याच वयाची आसंल." ह्यांनी सुपरवायझरला सांगितलं म्हणे, माझी बायकोबी ह्येच शिकत हुती. तो हसला.
"मला लई राग आला. पन बोलू काय? क्लासच बंद हाय."
मी आपली सारखी त्या बाईबद्दल विचारत होते. कुठे बसली? आधी काय उघडलं? एकटीच का?
"मला काय ठावं. दार लावून बसलीया आत."
दिवसभर ते दारच डोळ्यांपुढे. आतून कसं असेल.

२ मार्च
मॅडमचा फोन! नियम निघाले, करार झाला, १६ला क्लास सुरू. इतकी जोरात ओरडले की सासूबाई धावत बाहेर आल्या.
मग मॅडम म्हणाल्या, "ताई, नियमात वयाची अट आलीय. पस्तीस."
जुन्या योजनेत नव्हती. बारा जणींत बाहेर पडणारी मी एकटी. सासूबाईंनी विचारलं काय झालं. सांगितलं. वाटलं बोलतील. नुसत्या म्हणाल्या, "मग आदी घेतलीच कशाला तुला?"

५ मार्च
पौडला तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला. मॅडमनी लिहिला: अर्धा कोर्स पूर्ण, प्रगती उत्तम, वयात सवलत मिळावी. 'उत्तम' हा शब्द तीनदा वाचला. हे रजा टाकून गाडीवर घेऊन गेले. साहेब नीट बोलले. "सवलतीची तरतूद आहे, बाई. पण निर्णय वरून होतो. पाठवतो." पोच घेतली.
येताना घोटावड्याच्या आधी ह्यांनी गाडी हळू केली. "न्हाई म्हनले तर?"
मी पिशवीतली पोच चाचपली.
तेच म्हणाले, "तर परत लिवायचा."

१६ मार्च
उत्तर नाही. तरी गेले. मॅडम म्हणाल्या, "येईपर्यंत मागे बसा. लॅपटॉप मात्र नाही देता येणार." माझ्या जागी भुकूमची एक मुलगी, बावीसेक वर्षांची. राग धरायचं ठरवून गेले होते, पण तिने न सांगताच स्क्रीन थोडी माझ्याकडे वळवली.
हजेरीपट नवा. जुन्यात माझं नाव सारिकानंतर यायचं. सारिका झाली. 'हजर' अगदी ओठावर आलं होतं. मॅडमनी त्या मुलीचं नाव घेतलं.
उद्या तास दोनला. एकची बस धरायची.