बोरूतला वटवट्या

रविवार, फेब्रुवारी. संध्याकाळ.

कंबर मोडलीय. सकाळी कॉलनीवाल्यांनी मागच्या तलावावर श्रमदान केलं. काठावरचं बोरूचं सगळं रान कापून टाकलं. यादीत पहिलं नाव माझं, विळाही माझाच. शेजारचे शर्माजी फोटो काढत म्हणाले, "क्या साफ दिख रिया है भिया!" मीही हसले. साफ करायचं म्हटलं की आम्हा इंदूरवाल्यांना दुसरं काही सुचतं कुठे?

त्या बोरूत एक वटवट्या असायचा. चिमणीएवढा, मातकट. आत किडे टिपत फिरायचा, दिसायचा क्वचितच. पण दिवस मावळताना त्याची चक्-चक् ठरलेली. रोज ऐकते मी. मग सकाळी हातात विळा असताना कसं आठवलं नाही?

सासऱ्यांची, नानांची, दृष्टी गेल्यापासून त्यांची संध्याकाळ त्या चक्-चक्‌वरच होते. ती ऐकून उठतात, हातपाय धुतात, शुभंकरोती म्हणतात.

आज सात वाजून गेले तरी खुर्चीतच बसून होते. मग म्हणाले, "सूनबाई, आज दिवस फार लांबला गं."

दिवा केव्हाच लावून झाला होता. तरी म्हटलं, "हो नाना, अजून मावळायचाय."