बाबांच्या मनगटावरचं घड्याळ

चिमे,
मी भाजी घेऊन येते. चहा थर्मासमध्ये आहे.

काल तू इतक्या वर्षांनी दारात उभी राहिलीस, तरी बाबांनी पेपरातून मान वर केली नाही. पण तू पाठवलेलं ते घड्याळ, ज्याला आमचे घड्याळजी 'बिनकामाचं खेळणं' म्हणतात आणि तरी हातातून काढत नाहीत, ते थरथरलं. मी वाकून पाहिलं. छातीचे ठोके पार वर गेलेले, आणि ते विचारत होतं, धावायला निघालात का? माणूस खुर्चीत बसलेला. मी बघतच राहिले. अख्खा संसार झाला, मला हा चेहरा कधी वाचता आला नाही.

तुझी बॅग शोधू नकोस. सकाळी त्यांनीच ती कपाटात ठेवली, आणि किल्ली खिशात घालून दुकानात गेले.

आई