पाटी कोणत्या दारावर

नागपूर, ४ ऑगस्ट २०२५

चि. गुणवंतास अ. आ. वि. वि.

फोनवर तू ओरडतोस, म्हणून पत्र. परसातल्या तिन्ही खोल्या पाडून गाडीसाठी शेड करून राहिलास म्हणे! अरे, मराठ्यांच्या अमलात आपल्या पूर्वजांनी विकत घेतलेल्या बाया, कुणबिणी, तिथे राहात. दारांच्या कड्या अजून बाहेरूनच आहेत. त्या गेल्या की आपण काय केलं ते कोणी मानणारच नाही. माझ्या जिवाला चैन नाही. खोल्या राख, वर खरी पाटी लाव. लाज कसली?

भांडलास तरी माया आटणार नाही.

तुझी विनताताई

जबलपूर, १९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

चलो, जिंकलीस! शेड रद्द. पाटीचा मजकूर दाखवायला पुष्पाला बोलावलं. त्याच बायांच्या वंशातली ती, कांचघर मोहल्ल्यातल्या शाळेत शिकवते. म्हणाली, भैया, खोल्या जरूर जपा, पण विकत घेणारे तर पुढच्या घरात राहात होते, पाटी मागे काहून? दिवसभर मी येरझारा घालत होतो. तुझी भावजय अमिता म्हणाली, डोकं फिरलं तुमचं. शेवटी पाटी पुढच्या दारावरच स्क्रूंनी बसवली: ‘या घराने माणसे विकत घेतली. त्यांना मागच्या खोल्यांत ठेवले.’ सराफ्यातले लोक थांबून वाचतात आणि माझ्याशी हवापाण्याचं बोलतात.

रागावलीस तरी लिहीत जा.

गुणवंत

नागपूर, २ सप्टेंबर

चि. गुणवंतास अ. आ.

माझ्या सलोनीचं लग्न जमलं रे! व्याही दिवाळीनंतर भेडाघाट पाहायला येताहेत, उतरणार तुझ्याकडेच. पाटी तू लावलीस ते बरंच केलंस. पण माणसं जुन्या वळणाची. तेवढे दोन दिवस ती मागच्या खोल्यांवर नेशील? माझ्यासाठी नाही, पोरीसाठी म्हणते.

एवढं ऐक, मग हवं तेवढं चिडव.

ताई

जबलपूर, १२ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

अभिनंदन! सलोनीला पेढा माझ्या नावाचा दे.

तुझं पत्र आलं तसा पाटीचे स्क्रू काढायला पेचकस घेऊन दारात गेलो. पुष्पा शाळेतून येत होती. तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही गं. म्हणाली, तुम्हाला जड होत असेल तर पाटी मला द्या, मजकूर बदलून माझ्या दारावर लावते. विकलं गेल्याची आम्हाला लाज नाही. पेचकस खिशात टाकला.

पाटी पुढेच आहे. पाहुण्यांना त्याच दारातून आणीन. पण तू एक दिवस आधी ये ताई, तिथे मला एकट्यानं उभं राहवणार नाही.

तुझा,
गुणवंत