खुणेवरचा आवाज

केर्केना, ३ फेब्रुवारी १९७४

ती. ताहरदादांस,
सलाम वि. वि. धुकं पडलं की इथल्या उथळ पाण्यात वाट सापडत नाही, म्हणून आमच्या नेजीबसाठी मी घरीच रेडिओवर टकटक पाठवणारं एक छोटं प्रक्षेपक यंत्र जोडलंय. पोरानं होडीतल्या रेडिओवर माझी टकटक पकडायची नि रेडिओ गोल फिरवायचा. आवाज बुडाला की रेडिओचं टोक घराच्या रेषेत. त्याच्या आणि घरच्या रेडिओवर काट्याखाली मेंदीची खूणही केली. पण दादा, मी तारेच्या वेटोळ्याजवळ हात धरला तरच टकटक खुणेवर येते. हात काढला की सरकून सिसिलीच्या गाण्यात जाते. सगळे सांधे पुन्हा डाखले, उपयोग शून्य. मबरूका म्हणते, बायकोला नाही एवढा या डबड्याला तुमचा लळा. उपाय कळवा.
आपला,
हमादी

स्फाक्स, ८ फेब्रुवारी

चि. हमादीस अनेक दुवा. आजोबांचं घड्याळ जोडून उरलेले स्क्रू खिशात लपवलेस, तेव्हाच तुझी कारागिरी ओळखली होती. डाख ठीक आहे; तुझा हातच त्या जोडणीचा भाग झालाय. वेटोळं ऑलिव्ह तेलाच्या रिकाम्या डब्यात बंद कर, डबा तारेनं जमिनीशी जोड, लाकडी काडीनं जुळव आणि नवी खूण कर. तोवर नेजीबला त्या यंत्राच्या भरवशावर सोडू नकोस. वादळामुळे बोट बंद आहे, पत्र पोचेल तेव्हा खरं.
तुझा,
ताहर

केर्केना, १९ फेब्रुवारी

ती. भाऊजींस मबरूकाचा सलाम. तुमचं पत्र काल मिळालं. वादळ निवळलं म्हणून नेजीब शुक्रवारी ऑक्टोपस धरायला तळाशी सोडलेले माठ उचलायला गेला. दुपारी धुकं उतरलं. धुकं गेलं, होडी आली नाही. शोधायला गेलेले रिकामे परतले. इमामसाहेब म्हणतात, आता त्याच्यासाठी जनाज्याची नमाज पढू या.

हे यंत्रापासून हलत नाहीत. मी तुमचं पत्र वाचून दाखवलं, तेलाचा डबा धुऊन पुढ्यात ठेवला. त्यांनी तो पायानं सारला. म्हणाले, डबा घातला की आवाज दुसरीकडे जाईल, पोराच्या रेडिओवर खूण जुनीच आहे.

त्यांचा डोळा लागला की मी हात धरते. माझा पंजा लहान. घरच्या रेडिओवर टकटक खुणेच्या अलीकडेच राहते. नेमका तेव्हाच तो कान लावून बसला असेल, या धास्तीनं जीव जातो माझा. यंत्राचं राहू द्या, भाऊजी. माझा हात किती जवळ नेला की तो त्यांच्या हातासारखा होईल, एवढंच परतीच्या बोटीनं कळवा.

लोभ आहेच, आता दुवाही मागा.
आपली,
मबरूका